रजई घातलेला सिलेंडर

आमच्या घरी भजी तळायला घेतली की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो. भजी मागायला नव्हे, ऐकायला. तेल बरोबर तापलेलं असलं की एकसारखा, बारीक, न थांबणारा तडतडाट येतो. तेल थंड असलं तर भजं गुपचूप बुडून बसतं आणि जरा वेळानं फुस्स करतं. जास्त तापलं असलं तर एकदम धडाका, आणि भजं बाहेरून काळं, आतून कच्चं. मी दारातून सांगतो, गॅस जरा कमी कर. बायको न बघता म्हणते, "तुम्ही कारखान्यातच बरे असता."

तिचं खरं आहे. मी मुळात बोलणारा माणूस नाही. ह्या अंकाच्या मंडळींनी कामाबद्दल काही लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, एक गोष्ट अशी आहे की ती तोंडी सांगून भागणार नाही, छापूनच यायला हवी. म्हणून लिहायला बसलो.

गेली सत्तावीस वर्षं मी स्टेनलेसचे पातळ पाइप जोडतो. रेलिंग, दवाखान्यातले पलंग, हॉटेलातल्या ट्रॉल्या, असलं सगळं. वेल्डिंग ज्या पद्धतीनं करतो तिला मिग म्हणतात. हातात पिस्तुलासारखं एक हत्यार असतं. त्याचा घोडा दाबला की तोंडातून बारीक तार आपोआप बाहेर येते, पाइपला टेकते, ठिणगी पडते आणि तार वितळून जोडात भरते. त्याच तोंडातून तारेभोवती गॅस सुटतो. तो वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही. म्हणजे ठरवायच्या गोष्टी तीन : विजेचा दाब किती, तारेचा वेग किती आणि गॅस कुठला.

लोखंडाचं जाड गेट असलं तर ह्यातलं थोडं इकडंतिकडं झालं तरी खपून जातं. स्टेनलेस पाइपची भिंत मात्र सव्वा ते दीड मिलिमीटरची. दाब जास्त झाला की भोक. कमी झाला की तार आत न शिरता वर मुंगळ्यासारखी बसते. दिसायला जोड, हात मारला की सुटला. तार फार वेगानं सोडली तर ती हातालाच मागं ढकलते. हळू सोडली तर तोंडातच वितळून चिकटते, मग बसा पक्कड घेऊन. त्यात स्टेनलेसला उष्णता सोसत नाही आणि एकदा घेतलेली लवकर सोडवतही नाही. दोन बोटं पुढं गेलं की थांबायचं, पाइपच्या समोरच्या बाजूला जाऊन तिथं थोडं करायचं. नाहीतर सरळ पाइप केळ्यासारखा वाकतो.

आमच्याकडं एकदा एक आजोबा नातवासाठी स्टेनलेसचा पाळणा करून घ्यायला आले होते. पाळणा तयार झाला, चकचकीत, हलका. आजोबांनी तो चारी बाजूंनी पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, एवढ्या बारीक नळ्यांवर माझा भरवसा नाय. मग धोतर सावरून स्वतःच आत बसले. पाय बाहेर, काठी पोटावर. आम्ही दोघातिघांनी मिळून त्यांना झोका दिला. चार झोके झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, झोपले. तेवढ्यात म्हणाले, "चालतंय. पण करकरतो." ते करकरणं कड्यांचं होतं, जोडांचं नव्हतं. जोड युसूफचाचांचे होते.

युसूफचाचा आमच्या शेडातले स्टेनलेसचे उस्ताद. शेड वाळूजला, मालक देवकरसाहेब, आणि आम्ही नऊ माणसं. चाचा पडेगावहून लुनावर यायचे, मी गंगापूरहून काळ्यापिवळ्या जीपला लटकून. मी आयटीआय केलेला, घरी थोडीफार शेती, म्हणून चाचा मला पहिल्या दिवसापासून पाटील म्हणायचे. हातातलं काम चुकलं की त्या 'पाटील'मध्ये थोडा सूर वाढायचा.

शेडात एक रिवाज होता. जो स्टेनलेसचं काम शिकतो त्यानं उरलेल्या पाइपचा एक तुकडा घ्यायचा, त्याला खाली गोल पत्रा जोडायचा, बाजूला कान जोडायचा आणि चहाचा पेला करायचा. पाण्याच्या टाकीशेजारी भिंतीला खिळे होते, त्यावर पेले टांगलेले असायचे. त्या पेल्यात वर्षभर चहा प्यायचा. तळाच्या जोडाला तांबडा डाग पडला नाही, तर तो माणूस स्टेनलेसवाला. पडला तर लोखंडवाला. त्यानं गेट करावं. चाचांचा पेला चौदा वर्षांचा होता. चहानं आतून काळपट झालेला, पण तळाची कड पांढरी स्वच्छ.

आणि एक रजई होती. शेडात दोन सिलेंडर शेजारीशेजारी उभे असत. एक लोखंडाच्या मशीनचा, तो उघडा. दुसरा स्टेनलेसच्या मशीनचा. त्याला चाचांनी वरपासून खालपर्यंत जुनी रजई गुंडाळून सुतळीनं बांधली होती. नव्या माणसानं विचारलं की चाचा गंभीर तोंड करून सांगायचे, "इसको ठंड लई वाजते." मे महिना, पत्र्याचं शेड, अंगातून पाणी निथळतंय आणि सिलेंडर रजई घेऊन उभा. सगळे हसायचे. मीही हसलो. आणि हसलो म्हणून पुढं काही विचारलं नाही. तो सिलेंडर बदलायचं काम चाचा स्वतः, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन करायचे.

मला घाई होती. चाचा शिकवायचे, पण त्यांच्या चालीनं. मशीनवर तीन नॉब होते, दोन विजेच्या दाबाचे आणि एक तारेचा. त्यावरचे आकडे घासून गेले होते. चाचा आकडे बघतच नसत. टाकाऊ तुकड्यावर घोडा दाबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, नॉब केसभर फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. भजी तळल्याचा आवाज आला की कामाला सुरुवात. मला ते ऐकणं जमत नव्हतं. मग मी चोरी केली. चाचा जेवायला गेले की मशीनपाशी जायचो आणि कुठला नॉब कुठं आहे ते खिशातल्या वहीत टिपायचो. पाइप केवढा, भिंत किती, मोठा नॉब दोनवर, छोटा पाचवर, तारेचा नॉब घड्याळात दहा वाजल्यासारखा. सात-आठ महिन्यांत वही भरत आली.

एकदा चाचांनी पकडलं. डबा विसरला म्हणून परत आले आणि मी पेन्सिल घेऊन मशीनसमोर उकिडवा. मला वाटलं, आता शिव्या. ते म्हणाले, "क्या पाटील, शायरी लिखते क्या?" वही घेतली, उलटसुलट केली, परत दिली. "नंबर लिखा, अच्छा किया. कान किधर लिखा?"

मी हसून वेळ मारून नेली. मनात म्हटलं, हा म्हातारा उगाच गूढ करतो. सगळी विद्या माझ्या खिशात आली आहे.

त्याच सुमारास सोयगावकडच्या एका दवाखान्याच्या उतरणीचं रेलिंग आलं. पेशंटनं धरून चढायचं, म्हणजे हाताला गुळगुळीत हवं, जोड दिसायला नको. काम निम्मं झालं आणि चाचा जालन्याला मुलीच्या लग्नासाठी तीन दिवस गेले. देवकरसाहेब थांबायला तयार होते. मीच पुढं होऊन सांगितलं, मी करतो साहेब. त्यांनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हो म्हणाले.

पहिला दिवस सुरेख गेला. वही उघडायची, नॉब लावायचे, घोडा दाबायचा. जोड असे पडत होते की मी स्वतःच लांब जाऊन बघून येत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडाला एकदम बारीक भोकं पडायला लागली, मधाच्या पोळ्यासारखी. गॅस संपला होता. शेडात रजईतला दुसरा सिलेंडर नव्हता; तो कसा मागवायचा ते चाचांनाच ठाऊक. पण शेजारी लोखंडाचा सिलेंडर भरलेला उभा होता. मी म्हटलं, गॅस तो गॅस. त्याची नळी काढून माझ्या मशीनच्या मागं जोडली.

घोडा दाबला आणि आवाज बदलला. भजी गेली, फटाक्यांची लड लागली. ठिणग्या बाहेर उडायला लागल्या, जोड काळा पडायला लागला.

आजवर मी हे कुणापाशी बोललो नाही, ते इथं लिहितो. मला कळलं होतं. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं आहे हे माझ्या कानाला त्याच क्षणी कळलं होतं. चाचांनी वर्षभर जे कानात घातलं ते तिथं पोचलेलं होतं. मी थांबायला हवं होतं. एक दिवसाचा प्रश्न होता, चाचा परवा येणार होते. पण मी वही उघडून बघितली. वहीत सगळं बरोबर होतं. मग मी वहीचं ऐकलं.

उरलेले सगळे जोड तसेच मारले. वरचा काळेपणा लोखंडी तारांच्या ब्रशनं आणि ग्राइंडरनं काढला, बफ मारून आरसा केला. देवकरसाहेबांनी हात फिरवून बघितला आणि माझी पाठ थोपटली. उरलेल्या तुकड्यांतून मी माझा पेला केला, जोडला, घासला आणि भिंतीवर चाचांच्या पेल्याच्या शेजारच्या खिळ्याला लावला. तिसऱ्या दिवशी रेलिंग टेम्पोत चढलं.

चाचा लग्नाहून आले ते लाडूंचा डबा घेऊन. मी पेला दाखवला. त्यांनी तो फिरवून बघितला, नखानं टिचकी मारली. "अच्छा दिखता. चाय पिओ," एवढंच म्हणाले. मग रेलिंग बसवायला सोयगावला तेच गेले. चमकणारे जोड त्यांनी बसवले, भिंतीत पक्के केले, आले.

माझ्या पेल्याच्या तळाला पंधरा दिवसांत तांबडी रेघ आली. केसासारखी बारीक. मी काथ्यानं घासली. चार दिवसांनी पुन्हा आली, आता दोऱ्याएवढी. मी पेला भंगाराच्या पिंपात टाकला आणि कुणी विचारलं तर सांगितलं, घरी नेला, बायकोला दाखवायला. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं माझं. कुणी ते धरलंसुद्धा नाही.

पावसाळा संपता संपता दवाखान्यातला एक कारकून आला. पिशवीतून त्यानं चार फोटो काढले आणि एका शर्टाची कापलेली बाही काढली. फोटोत रेलिंगच्या प्रत्येक जोडाखाली तांबडा ओघळ. बाही पेशंटच्या कुणा नातेवाइकाची. रेलिंगला टेकून उभा राहिला तर पांढऱ्या शर्टाला डाग पडला, धुऊन जात नाही. तो माणूस इतका चिडला की त्यानं बाही कापून कारकुनाच्या टेबलावर ठेवली होती.

देवकरसाहेबांनी सगळ्यांसमोर चाचांना बोलावलं. स्टेनलेस म्हणजे युसूफ, रेलिंग बसवायला गेला तो युसूफ. साहेबांच्या डोक्यात दुसरं नाव आलंच नाही. चाचा लग्नाला गेले होते ते तीन दिवस साहेब विसरून गेले होते. म्हणाले, "तुझ्या जोडाला गंज, युसूफ? नजर गेली काय आता?"

चाचांनी फोटो हातात घेतले. एकेक बघितला. ते माझ्याकडं बघतील म्हणून मी ब्रश घट्ट धरून उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वळून त्या रजईच्या सिलेंडरकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मेरी गलती है साहब. मैं जाके बना के देता."

मी दोन पावलांवर होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी ब्रशचे तुटलेले दात मोजत राहिलो.

चाचा चार दिवस सोयगावला राहून सगळे जोड कापून नव्यानं करून आले. आल्यावर साहेबांनी त्यांना लोखंडाच्या गेटांवर लावलं. म्हणाले, स्टेनलेस आता सुदाम बघेल. सुदाम म्हणजे मी. त्या दिवशी चाचांनी सिलेंडरची सुतळी सोडली, रजई काढली, घडी घालून लुनाच्या मागं बांधली. खिळ्यावरचा पेला काढून डब्यात ठेवला. महिनाभर गेटं केली आणि मग काम सोडलं. पडेगावला रस्त्याकडेला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. वाळूजमध्ये मात्र बोललं गेलं ते एवढंच, की युसूफचा जोड गंजला. चौदा वर्षं ज्याच्या जोडाला डाग नव्हता त्याच्या नावाला तेवढाच चिकटला.

ते गेल्यावर आठवड्यानं गॅसवाल्याचा ड्रायव्हर आला आणि मला म्हणाला, "स्टेनलेसला मिक्स्चर ना? का सगळेच सीओटू उतरवू? चाचा स्वतः बघून घ्यायचे." मी म्हटलं, फरक काय? तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी सिलेंडरवर चढून बसलोय. लोखंडाला निव्वळ सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, चालतो. स्टेनलेसला आर्गॉन नावाचा गॅस लागतो, त्यात सीओटू असतो तो आमटीतल्या मिठाएवढा. निव्वळ सीओटू मारला की त्यातला कार्बन जोडात शिरतो आणि स्टेनलेसचा न गंजण्याचा गुणच मारून टाकतो. वर मी लोखंडाचा ब्रश फिरवलेला, म्हणजे गंजाचं बीही पेरून ठेवलेलं. वहीत नॉब तीनही होते. गॅसचा रकानाच नव्हता. त्यावर रजई होती.

पुढं माझं बरं चाललं. सुपरवायझर झालो. शेड वाढलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या तासाला सिलेंडरपाशी उभा करून गॅसचं नाव मोठ्यानं वाचायला लावतो. भिंतीवरही ते हातभर अक्षरात लिहिलंय. लोक म्हणतात, साहेब गॅसच्या बाबतीत फार कडक. पेल्याचा रिवाजही मी चालू ठेवला. आज भिंतीवर एकवीस पेले आहेत.

गेल्या वर्षी आमच्यातला एक जण पुण्याला निघाला, त्याचा निरोपसमारंभ होता. सगळ्यांनी आपापल्या पेल्यातून चहा घेतला. मी नेहमीप्रमाणे कागदी कपातून. निघणाऱ्यानं सहज विचारलं, "साहेब, तुमचा पेला कोणता हो? इतक्या वर्षांत कधी बघितला नाय." मी म्हटलं, हरवला. पंचवीस वर्षांपूर्वी 'घरी नेला' आणि आता 'हरवला'. त्या कपातला चहा मला संपवता आला नाही.

रविवारी मी पडेगावला गेलो.

दुकान लहान, बाहेर खिडक्यांच्या जाळ्या उभ्या केलेल्या. चाचा खाटेवर बसून सोललेला हरभरा खात होते. सत्तरीच्या पुढचे, दाढी पांढरी. मला लगेच ओळखलं. "आओ पाटील, बैठो." मी बसलो आणि वाटेत ठरवून आणलेलं वाक्य खाली मान घालून, हळू आवाजात म्हटलं. चाचांनी कानामागं हात धरला. "क्या? जोर से बोलो बेटा. मशीन खा गई कान."

मी जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही आलं. आणखी मोठ्यानं. शेवटी मी उभा राहून, ज्या गोष्टीचा मी पंचवीस वर्षं चकार शब्द काढला नव्हता, ती पडेगावच्या भर रस्त्यावर ओरडून सांगितली : "सोयगावचं रेलिंग मी बिघडवलं होतं! मी! सीओटू मारला होता!"

समोरच्या हॉटेलातला भजी तळणारा झारा वर धरून बघत राहिला. एक म्हैस थांबली. चाचांनी हरभऱ्याचा दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मालूम है."

मग आत जाऊन एक वस्तू घेऊन आले. माझा पेला. तळाशी तांबडा कंगोरा, आत खुणा करायचे पांढरे खडू भरलेले. साहेबांनी सगळ्यांसमोर बोलावलं त्याच्या दोन दिवस आधी तो त्यांना भंगाराच्या पिंपात सापडला होता.

"मग तेव्हा का नाय बोललात, चाचा?" मी ओरडूनच विचारलं.

"रजई किसने डाली थी?" ते म्हणाले. "मी. तुला नंबर चोरू दिले, गॅस लपवला. माझ्या उस्तादानं पण एक चीज लपवली होती. तीन साल मैं होल पाडत बैठा. मला वाटलं उस्ताद असाच असतो, एक चीज अपने पास रखता. फोटो पाहिला तर मेरेकू जोड नाय दिसला, रजई दिसली."

माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. चाचांनी ते बघितलं असावं, कारण लगेच बोट वर केलं. "पण ते माझं झालं. तुझं तुझ्यापाशी हाय. तू तेव्हा बोलला असता तर दोघांत वाटून घेतलं असतं." मग खडू खाली ओतून पेला माझ्या हातात दिला. "माफी नक्को मेरेकू. माझं नाव देवकरसाहेबांकडं पडलंय. तिथनं आणून दे."

देवकरसाहेब आता सिडकोत मुलाकडं राहतात, शेड मुलगा बघतो. मी पेला घेऊन गेलो. ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. युसूफचाचांचं नाव काढलं तर आधी आठवेना. मग चेहरा उजळला. म्हणाले, "हां हां, तो गंजवाला."

तिथं मला कळलं की नाव कुठं आणि कसं पडून असतं. मी सगळं सांगितलं. इथं बसून, हळू आवाजात सांगता आलं. लग्नाचे तीन दिवस, नळी, वही, पेला. साहेबांच्या हातातली झारी वाहत राहिली, कुंडी भरून पाणी माझ्या बुटांवर आलं. ते म्हणाले, "चौदा वर्षं बघत होतो रे मी त्याचं काम. आणि एका बाहीवरून..." झारी खाली ठेवली. मग मला विचारलं, तू तेव्हा का नाही बोललास? मी म्हटलं, मला स्टेनलेसचं मशीन पाहिजे होतं. ह्याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही.

पुढच्या रविवारी साहेबांना घेऊन पडेगावला गेलो. चाचांनी प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली. साहेब बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "युसूफ, माझं चुकलं."

"क्या बोले साहब?" चाचांनी कानामागं हात धरला.

साहेबांनी पुन्हा म्हटलं. चाचांनी मान हलवली. तिसऱ्यांदा साहेबांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की हॉटेलवाला पुन्हा झारा धरून बाहेर आला. तेव्हा कुठं चाचा म्हणाले, "नक्को नक्को, ऐसा नक्को बोलो साहब. बैठो." मला आजही खात्री आहे की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

चहा झाला. चाचांनी कोपऱ्यातून पाइपचा एक तुकडा काढून माझ्याकडं टाकला. "पाटील, पेला बनाओ."

त्यांच्या मशीनचा सिलेंडर उघडा होता, गॅसचं नाव वाचता येत होतं. रजई त्यांच्या खाटेवर अंथरलेली होती. वही मी आणली नव्हती. टाकाऊ तुकड्यावर घोडा दाबला, ऐकलं, नॉब फिरवला, पुन्हा ऐकलं. चाचांना आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी हातमोजा घालून पाइपचं दुसरं टोक धरलं. तडतड त्यांच्या तळहाताला कळत होती. एकदा दोन बोटं खाली केली : तार कमी. मी केसभर कमी केली. बोटं स्थिर झाली. समोरच्या हॉटेलात भजी तळत होती आणि माझ्या हातात तोच आवाज येत होता, कुठला कुठून येतोय ते कळेना. मुखवटा वर केला तेव्हा जोडाला गव्हाच्या पिकासारखा फिकट सोनेरी रंग होता. काळं कुठंच नाही.

पेला चाचांनी त्यांच्या दुकानातल्या खिळ्याला टांगला. नियम तोच, एक वर्ष. म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी उमेदवारी करतोय. दर रविवारी जातो. आमच्या शेडातल्या लोकांना सांगितलंय, निकाल लागेपर्यंत मला साहेब म्हणताना जरा जपून. ते आता मला पाटील म्हणायला लागले आहेत, तेही थोडा सूर वाढवून.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा दहा महिने झालेले असतील. वाळूजमधल्या ज्यांनी ज्यांनी युसूफचा जोड गंजला असं ऐकलं असेल, त्यांनी आता हे वाचावं : तो जोड सुदामचा होता.

प्रत्येक रविवारी चाचा चहा ओतण्याआधी पेला खिळ्यावरून काढतात. पांढऱ्या कुर्त्याची बाही पंज्यापर्यंत ओढतात आणि पेल्याच्या तळाच्या कडेवरून सावकाश एक फेरा मारतात. मग बाही उजेडात धरून बघतात. मी श्वास धरून बसलेला असतो. बाही पांढरीच असते. मग ते चहा ओततात.